पायलट ट्रेनिंगचा बाजार : सिम्युलेटर, टाइप रेटिंग आणि पैसे भरण्याआधी घरच्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

बारावी सायन्सचा निकाल लागला की हल्ली डॉक्टर, इंजिनिअरच्या जोडीला आणखी एक शब्द घराघरात ऐकू येतो : पायलट. कारणही तसंच आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० नव्या विमानांची ऑर्डर दिली. तेव्हापासून "देशात पायलटांचा तुटवडा आहे" ही बातमी वरचेवर येते. त्या बातमीचा आधार घेऊन ट्रेनिंगच्या जाहिराती येतात, सेमिनार होतात, एजंटांचे फोन येतात. मग अब्बा आखातातून साठवलेले पैसे मोजतात, अम्मी दागिन्यांचा विचार करते आणि गावच्या जमिनीचा विषय निघतो.

हा रस्ता चुकीचा नाही. आपल्या मुला-मुलींनी या क्षेत्रात जरूर जावं. पण ट्रेनिंग हा एक मोठा जागतिक धंदा आहे. त्यात कोण काय विकतं, खर्च कुठे संपतो आणि जोखीम कोणाच्या डोक्यावर राहते, हे पहिला हप्ता भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. या लेखात तेवढंच सांगायचं आहे.

सिम्युलेटर म्हणजे नेमकं काय?

मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरचा विमानाचा गेम म्हणजे सिम्युलेटर नव्हे. एअरलाइनच्या ट्रेनिंगमध्ये वापरतात त्याला फुल फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. एका बंद खोलीएवढ्या पेटीत खऱ्या विमानाचं कॉकपिट जसंच्या तसं असतं : तीच बटणं, तेच स्क्रीन, त्याच खुर्च्या. समोर रनवे, ढग, पाऊस, रात्रीचे दिवे दिसतात. ही पेटी सहा यांत्रिक पायांवर उभी असते. पाय लांब-आखूड होतात तशी ती पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे हलते आणि तिरकी होते.

गंमत म्हणजे ती जागेवरून कुठेच जात नाही, तरी पायलटला विमानाने वेग घेतल्यासारखं वाटतं. टेक-ऑफच्या वेळी पेटी हळूच मागे कलते. पाठ खुर्चीत दाबली जाते, समोर रनवे पळताना दिसतो आणि आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते.

या यंत्राचा खरा उपयोग संकटाच्या सरावासाठी आहे. टेक-ऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडणं, केबिनमध्ये धूर, लँडिंगच्या वेळी अचानक उलटा वारा, हायड्रॉलिक निकामी होणं. हे प्रवासी भरलेल्या विमानात शिकवता येत नाही. सिम्युलेटरमध्ये शिक्षक एक बटण दाबतो आणि संकट उभं राहतं. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सिम्युलेटरच्या ए, बी, सी, डी अशा पातळ्या असतात. डी सर्वात वरची. डी पातळीच्या सिम्युलेटरवर अनुभवी पायलटला नव्या प्रकारच्या विमानाचं पूर्ण शिक्षण देता येतं. म्हणजे त्या विमानावरचं त्याचं पहिलं खरं उड्डाण प्रवाशांसह होऊ शकतं, अर्थात शेजारी ट्रेनिंग कॅप्टन बसलेला असतो. नवख्या पायलटला मात्र प्रवाशांविना खऱ्या विमानात टेक-ऑफ आणि लँडिंग करून दाखवावं लागतं. तेव्हा उमराहला जाताना किंवा आखातातून सुट्टीवर येताना आपण ज्यांच्या भरवशावर डोळे मिटतो, त्यांचं बरंचसं शिक्षण जमिनीवरच्या या पेटीत झालेलं असतं.

सुरुवात एका ऑर्गन बनवणाऱ्याच्या घरातून

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाचा तरुण होता. घरचा धंदा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा. त्याला विमान शिकायचं होतं, पण फी परवडणारी नव्हती. ऑर्गनमधले हवेचे भाते आणि पंप वापरून त्याने १९२९ मध्ये लाकडी विमान बनवलं, जे जमिनीवरच डोलायचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखंच विकलं गेलं.

१९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल विमानं उडवण्याचं काम आलं. ढगात, रात्री, फक्त उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिक मेले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे १० हजार यंत्रं बनली. आजचा सगळा उद्योग तिथून सुरू झाला, आणि त्याची सुरुवात माणसं गेल्यावर झाली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हा धंदा चालतो कसा?

एका डी पातळीच्या सिम्युलेटरची किंमत साधारण १ ते दीड कोटी डॉलरच्या घरात असते. एवढी का? एक तर यंत्र महाग. दुसरं, ए-३२० चा सिम्युलेटर बनवायचा तर ते विमान हवेत कसं वागतं याचा डेटा एअरबसकडून घ्यावा लागतो. ७३७ साठी बोइंगकडून. तिसरं, प्रत्येक यंत्राला विमान नियामकाची मान्यता घ्यावी लागते आणि ती वेळोवेळी तपासून टिकवावी लागते.

एवढं महाग यंत्र रिकामं ठेवणं परवडत नाही. म्हणून सिम्युलेटर दिवसाला वीस तासांपर्यंत चालतात. पहाटे तीनला, रात्री अकराला सुद्धा बॅच असते. एक सत्र साधारण चार तासांचं, दोन पायलटांचं. विकली जाते ती तासांची वेळ : शिक्षकासह वेगळा दर, शिक्षकाविना वेगळा.

या धंद्याचं कायमचं गिऱ्हाईक नवे विद्यार्थी नाहीत. नोकरीत असलेल्या प्रत्येक एअरलाइन पायलटला वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. वीस वर्षं उडवणाऱ्या कॅप्टनलाही सुटका नाही. विमान जितकी वर्षं उडतं, तितकी वर्षं त्याच्या पायलटांचे सिम्युलेटर तास विकले जातात. म्हणून गुंतवणूकदारांना हा धंदा आवडतो.

जगातली सर्वात मोठी कंपनी कॅनडाची सीएई. १९४७ मध्ये ती सुरू झाली. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात तिची उलाढाल ४७० कोटी कॅनेडियन डॉलर होती आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग नागरी विमानसेवेच्या ट्रेनिंगचा होता. अमेरिकेची फ्लाइटसेफ्टी १९५१ ची. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने १९९६ मध्ये ती दीडशे कोटी डॉलरला घेतली. तुर्कस्तानच्या हॅवेलसाननेही ए-३२० आणि ७३७ मॅक्सचे सिम्युलेटर बनवले आहेत. आखातात दुबई, जेद्दाह, बहरीन इथे मोठी ट्रेनिंग केंद्रं आहेत.

आपल्या देशात आणि महाराष्ट्रात

भारतात मोठ्या सिम्युलेटर केंद्रांचा जमाव दिल्लीच्या आसपास आहे. ग्रेटर नोएडात सीएई आणि इंडिगोमागच्या इंटरग्लोब समूहाचं केंद्र आहे. गुरुग्राममध्ये एअरबस आणि एअर इंडियाने मिळून केंद्र काढलं असून तिथे १० फुल फ्लाइट सिम्युलेटर आणि दहा वर्षांत ५,००० पायलट असं उद्दिष्ट आहे. गुरुग्रामच्याच एफएसटीसी या संस्थेतला मोठा हिस्सा घेण्याचा करार अदानी समूहाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. मोठा पैसा कुठे वळतो आहे ते यावरून कळतं. बेंगळुरू आणि हैदराबादलाही सिम्युलेटर आहेत.

सुरुवातीचं शिक्षण, म्हणजे छोट्या विमानावर तास भरणं, हे फ्लाइंग स्कूलमध्ये होतं. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर सीएई आणि विमानतळ प्राधिकरणाची नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. नागपूर फ्लाइंग क्लब सरकारी आहे. १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण शिक्षण धुळ्याला चालतं. बारामतीत शाळा आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला १८० पायलट घडवणारी शाळा २०२४ मध्ये जाहीर केली. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था. तिथे प्रवेश परीक्षेवर होतो.

पायरीपायरीने खर्च

पायलट व्हायचा रस्ता असा आहे.

१. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स. आर्ट्स, कॉमर्सवाल्यांना एनआयओएसमधून हे दोन विषय देता येतात.

२. डीजीसीएची मेडिकल : आधी क्लास २, मग क्लास १. डोळे, कान, हृदय, रक्तदाब सगळं तपासतात.

३. डीजीसीएच्या लेखी परीक्षा : नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक विषय. शिवाय रेडिओवर बोलण्याचं लायसन्स.

४. २०० तासांचं उड्डाण. वय १८ पूर्ण झाल्यावर कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल.

५. दोन इंजिनांच्या विमानाचं आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग.

६. टाइप रेटिंग : ए-३२० किंवा ७३७ अशा एका ठराविक विमानाचं शिक्षण. हे सिम्युलेटरवर होतं.

पाचव्या पायरीपर्यंत भारतात साधारण ४० ते ६० लाख रुपये जातात. सहाव्या पायरीला आणखी साधारण १५ ते २५ लाख. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्राममधून गेलं तर एकूण खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर जातो, पण तिथे नोकरीकडे जाणारा रस्ता आधीच आखलेला असतो. तोही अटींवर असतो, हे विसरू नये.

घरची मंडळी फसतात ती बहुतेक चौथ्या आणि सहाव्या पायरीच्या मध्ये. सेमिनारमध्ये सांगतात ते सीपीएलपर्यंतचं. सीपीएल हातात आलं की सगळे पेढे वाटतात. मग कळतं, एअरलाइनला टाइप रेटिंग झालेला पायलट हवा आहे आणि आपले पैसे संपले आहेत. लायसन्स कपाटात ठेवूनही चालत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी नवं करावं लागतं, हात चालू ठेवायला उड्डाणाचे तास भरावे लागतात आणि त्यालाही पैसे लागतात.

हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचं उदाहरण अनेकांना माहीत असेल. वडील बेकरीत काम करणारे. मदत आणि मेहनतीने मुलीने सीपीएल मिळवलं, पण पुढच्या रेटिंगसाठी पैसा नव्हता. तेलंगण सरकारने मदत मंजूर केली तेव्हा रस्ता मोकळा झाला आणि त्या एअरलाइनच्या पायलट झाल्या. त्यांची हुशारी कमी नव्हती. अडलं ते शेवटच्या पायरीच्या खर्चापाशी. आपण तो खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरला पाहिजे.

"तुटवडा आहे" या वाक्याचा अर्थ

बोइंगच्या २०२४ च्या अंदाजानुसार पुढच्या वीस वर्षांत जगाला ६ लाख ७४ हजार नवे पायलट, ७ लाख १६ हजार तंत्रज्ञ आणि ९ लाख ८० हजार केबिन क्रू लागतील. आकडा मोठा आहे. पण तो वीस वर्षांचा आणि सगळ्या जगाचा आहे. शिवाय बोइंग विमानंही विकते आणि ट्रेनिंगही विकते.

आपल्याकडे २०२२ मध्ये डीजीसीएने १,१६५ सीपीएल दिली, २०२३ मध्ये १,६२२. एअरलाइन्सना सर्वात जास्त टंचाई भासते ती अनुभवी कॅप्टनची. २०० तासांचा नवा मुलगा आणि कॅप्टन यांच्यात बरीच वर्षं असतात. कॅप्टन कमी म्हणजे नव्यांना लगेच खुर्ची, असं होत नाही. उलट नव्याला शेजारी बसवून शिकवायलाही कॅप्टनच लागतो.

आणि हा धंदा चढ-उताराचा आहे. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. मध्ये २०२० चा कोरोना. दर वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात आले आणि नव्यांची रांग मागे सरकली. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

ट्रेनिंगमध्ये काटकसर केली की काय होतं

हा बाजार फक्त नोकरीचा विषय नाही, प्रवाशाच्या जिवाचाही आहे. बोइंगने ७३७ मॅक्स बाजारात आणलं तेव्हा जुन्या ७३७ च्या पायलटांना नव्या विमानासाठी सिम्युलेटर ट्रेनिंग लागणार नाही, हा विक्रीचा मोठा मुद्दा होता. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइनशी तर असा करार होता की सिम्युलेटर ट्रेनिंग लागलं तर बोइंग प्रत्येक विमानामागे १० लाख डॉलर सूट देईल. विमानातल्या एमकॅस नावाच्या नव्या यंत्रणेची पायलटांना नीट माहितीच दिली गेली नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान पडलं. एकूण ३४६ माणसं गेली. जानेवारी २०२० मध्ये बोइंगने स्वतःच सिम्युलेटर ट्रेनिंगची शिफारस केली.

आपल्याकडेही धडा आहे. एप्रिल २०२२ मध्ये डीजीसीएने स्पाइसजेटच्या ९० पायलटांना ७३७ मॅक्स उडवण्यापासून रोखलं. ते ज्या सिम्युलेटरवर शिकले त्याचा स्टिक शेकर नीट चालत नव्हता. विमानाचा वेग धोक्याच्या खाली जाऊ लागला की पायलटच्या हातातला दांडा थरथरून इशारा देतो, तो हा भाग. पायलटांना पुन्हा शिकावं लागलं आणि एअरलाइनला १० लाखांचा दंड झाला.

फ्लाइंग स्कूलचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं काही दिवसांच्या अंतराने पडली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं ट्रेनिंग थांबवलं. तिथल्या मुलांचे तास अडकले, वेळ गेला. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची श्रेणी वर्षातून दोनदा जाहीर करते. पहिल्या यादीत सर्वात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. शाळा निवडताना जाहिरातीआधी ही यादी पाहावी.

पैशाचा प्रश्न

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. पायलटच्या कोर्ससाठी म्हणूनच घर किंवा जमीन गहाण पडते. अनेक घरांना व्याजाचं कर्ज दीन म्हणूनही नको असतं. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी दराने शैक्षणिक कर्ज देतं, पण त्याची मर्यादा या कोर्सच्या पूर्ण खर्चाच्या मानाने फार लहान आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन सध्याची मर्यादा आणि उत्पन्नाची अट विचारावी आणि बाकीची रक्कम कुठून येणार हे त्याच दिवशी कागदावर लिहावं. ते रकाने रिकामे राहत असतील तर सुरुवात करू नये.

जमातीच्या ट्रस्टनाही एक विनंती. सुरुवात करणाऱ्या दहा जणांना थोडी थोडी मदत करण्याऐवजी, सीपीएल झालेल्या आणि टाइप रेटिंगला अडलेल्या एकाला शेवटपर्यंत पोहोचवलं तर ते घर उभं राहतं. नंतर तोच पुढच्याला हात देऊ शकतो.

पैसे भरण्याआधी

- मेडिकल सर्वात आधी करा. डोळ्यात किंवा हृदयात अडचण निघाली तर ती फी भरण्याआधी कळावी.
- लेखी परीक्षेचे काही पेपर आधी पास होऊन पाहा. त्याचा खर्च तुलनेने कमी आणि मुलाचा कल लगेच कळतो.
- शाळेत किती विमानं प्रत्यक्ष उडत्या अवस्थेत आहेत, शिक्षक किती, मागच्या बॅचला २०० तास भरायला किती महिने लागले, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटून विचारा.
- पूर्ण फी एकदम भरू नका. तास उडतील तसे हप्ते, आणि शाळा बंद पडली तर परतफेड कशी, हे लेखी घ्या.
- परदेशात शिकलात तर भारतात लायसन्स बदलून घेताना डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात. एजंट हे शेवटी सांगतो.
- टाइप रेटिंग एअरलाइनचा कॉल आल्यावर, तिला हव्या त्या विमानाचं करणं बरं. ए-३२० चं करून ७३७ ची नोकरी आली तर पैसे वाया.

कॉकपिटशिवायही रस्ते आहेत

वरच्या अंदाजात पायलटांपेक्षा तंत्रज्ञ जास्त लागणार आहेत, हे नजरेतून सुटू देऊ नका. विमान देखभाल इंजिनिअरचा कोर्स डीजीसीए मान्यताप्राप्त संस्थेत पायलटच्या खर्चाच्या छोट्या हिश्शात होतो. एअर ट्रॅफिक कंट्रोलरची भरती विमानतळ प्राधिकरण परीक्षेने करतं. आणि ज्या सिम्युलेटरबद्दल आपण बोललो, ते वीस तास चालू ठेवायलाही माणसं लागतात : इलेक्ट्रॉनिक्स, हायड्रॉलिक, सॉफ्टवेअर जाणणारे. डिप्लोमा, इंजिनिअरिंग केलेल्या आपल्या मुलांसाठी भारतात आणि आखातात हे काम आहे, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही.

मुलींसाठीही हे क्षेत्र खुलं आहे. भारतात पायलटांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जे जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त.

मुलगा किंवा मुलगी म्हणाली "मला पायलट व्हायचंय", तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच जमीनही विकू नका. सहाही पायऱ्या एका कागदावर लिहा, प्रत्येकीसमोर रक्कम लिहा, नोकरी दोन वर्षं उशिरा मिळाली तर घर कसं चालेल तेही लिहा. हिशेब बसत असेल तर बिस्मिल्लाह करून पुढे व्हा.